शेवटचा हातमोजा

भोवरा हे काही त्याच्या आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. त्यांनी ठेवलेलं नाव ओळखपत्रावर होतं आणि ओळखपत्र गळ्यात कायम उलटं लटकलेलं असायचं. त्यामुळे पाणीपुरवठ्याच्या धक्क्यावर नवा आलेला माणूसही दोन दिवसांत त्याला भोवराच म्हणायला लागायचा. पन्नाशी उलटलेल्या माणसाला असं म्हणणं बरं दिसत नाही, मान्य आहे. पण त्याला थोडा वेळ पाहिलं की दुसरं काही सुचतच नसे. खुर्चीत बसला की खुर्ची कुरकुरायची. चहा समोर आला की कप इकडचा तिकडे आणि तिकडचा इकडे. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तर त्यांच्या दाराची ढिली कडी घट्ट करून यायचा, आणि ढिली नसेल तर आधी ढिली करायचा. "आमच्या लग्नाचा फोटो बघा," त्याची बायको सांगायची, "माझ्या शेजारी एक हललेला माणूस उभा आहे ना, तेच हे. फोटो निघेपर्यंत सुद्धा धीर नाही."

ही चुळबूळ त्याच्या जिवाला कुठून लागली कोण जाणे. झोपेतही पाय हलायचे. आणि सांगून पटणार नाही, पण हाच माणूस पाण्याखाली गेला की ठरायचा. तो पाणबुड्या होता. शहराला पाणी पुरवणाऱ्या मोठ्या तलावात, मधोमध, एक बुरुजासारखी विहीर उभी होती. तिच्या तोंडांना लोखंडी जाळ्या. त्यांत फांद्या, शेवाळ, कुणाचं तरी फाटकं ताडपत्रीचं छप्पर, काय वाटेल ते अडकायचं. ते काढायचं, जाळीचे बोल्ट बदलायचे, हे त्याचं काम. पाठीवर हवेच्या दोन टाक्या, प्रत्येकीला हवा चालू-बंद करायचा आपला कॉक आणि श्वास घ्यायची आपली नळी, अंगात पाणी आत न येणारा सूट, कमरेला शिशाचा पट्टा. खाली उतरला, कानात स्वतःच्या श्वासाचा आवाज सुरू झाला, की त्याच्या आत जे सतत घरघरत असायचं ते थांबायचं. बायकोला त्यानं एकदा सांगितलं होतं, "वर मला सगळं खाजतं गं. खाली खाजत नाही." ती हसली होती, पण विसरली नव्हती.

थंडीच्या दिवसांत त्या तलावाचं पाणी हाडं फोडायचं. उघडा हात बुडवला तर बघता बघता त्याचं लाकूड व्हायचं, म्हणून जाड रबरी हातमोजे घालावे लागत. आता जाड हातमोजा ही काय चीज आहे, हे घातल्याशिवाय कळत नाही. हात ऊबदार राहतो, पण बहिरा होतो. बक्कल बंद झालं की नाही, हूक कडीत गेला की मोज्याच्या रबरालाच चावला, काही समजत नाही. त्यात तलावाचा तळ गढूळ. पुढं केलेला स्वतःचा पंजा दिसत नाही. म्हणजे डोळे गेले, बोटं निम्मी गेली, आणि अशा अवस्थेत पाना फिरवायचा. नवे लोक पहिल्या हिवाळ्यात रडकुंडीला यायचे.

भोवऱ्याचा मात्र त्यात हात धरणारा कुणी नव्हता. त्यानं आपल्या अंगावरच्या प्रत्येक वस्तूला शेपूट लावलं होतं. टॉर्चच्या दोरीला एक गाठ, सुरीच्या दोरीला दोन, उरलेली हवा दाखवणाऱ्या काट्याला लाकडाचा मणी. कडी लहान असेल तर तिच्यात मोठी कडी. ही सगळी सोय त्यानं करायची आणि मग साऱ्या धक्क्यानं तिची नक्कल करायची. थंडी सुरू व्हायच्या आधी आठवडाभर घरी हातमोजे घालून वावरायचं, हा रिवाजही त्याचाच. मोजे घालून बरणी उघडा, मोजे घालून पेपर वाचा, मोजे घालून पत्ते पिसा. त्या आठवड्यात पाणबुड्यांच्या घरोघरी कप फुटायचे आणि बायका शिव्या घालायच्या.

खाली जाताना जोडी असायची. भोवऱ्याचा जोडीदार होता त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. शांत, आडव्या बांध्याचा, चार शब्दांच्या जागी एक वापरणारा. भोवऱ्यानंच त्याला या कामात आणलं होतं. वर बोटीवर दोरी धरायला एक बाई होती, तिला सगळे दोरीवाली म्हणत. ती स्वतःही पाणबुड्याचं काम शिकलेली होती, तिशीतली, पाण्यात उतरायला कायम आसुसलेली, पण जोडी जमलेली असल्यामुळे तिच्या वाट्याला दोरीच यायची. दोरीची भाषा सोपी होती. एक ओढ म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे दोरी सैल सोड. सारख्या ओढी आल्या की वर खेच. दोरी धरणाऱ्यानं पुतळ्यासारखं बसायचं, कारण त्यानं नुसती मांडी बदलली तरी खालच्याला वाटणार वरून बोलावलं. "या भोवराकाकांच्या हातात कधी दोरी देऊ नका हं," दोरीवाली म्हणायची, "खालचा माणूस नाचत बसेल." भोवरा सगळ्यांत मोठ्यानं हसायचा.

उतरण्याआधी दोन गोष्टी चुकायच्या नाहीत. एक म्हणजे शेवटचा हातमोजा. पहिला मोजा माणूस आपला आपण घालतो, पण एका हातात मोजा चढला की त्या हातानं दुसरा नीट चढवता येत नाही. म्हणून शेवटचा मोजा जोडीदारानं चढवायचा. त्याआधी थर्मासमधलं गरम पाणी आत ओतायचं आणि हलवून फेकून द्यायचं. दुसरी गोष्ट म्हणजे चाचपणी. समोरासमोर उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि मोजे घातलेल्या हातांनी एकमेकांच्या अंगावरचं सामान तपासायचं. ज्याचं सामान तपासायचं तो विचारणार, तपासणारा हाताला लागलं की सांगणार.

"बक्कल?"

"आहे."

"डावा कॉक?"

"आहे."

"उजवा कॉक?"

"आहे."

"पट्टा?"

"आहे."

"दोरी?"

"आहे."

डोळे मिटायचे ते एवढ्यासाठी की खाली डोळ्यांचा उपयोग नसतो. वर जे हाताला कळलं नाही ते खाली कसं कळणार?

आता खरी गोष्ट. त्या वर्षी थंडी पडायच्या आधीच भोवऱ्याच्या बोटांनी दगा द्यायला सुरुवात केली होती. आधी शेंडे मुंग्या आल्यासारखे झाले. शर्टाची बटणं लागेनात. मग एकदा गरम कप हातात धरून तो गप्पा मारत बसला आणि उठल्यावर पाहतो तर बोटावर फोड. भाजल्याचं कळलंच नव्हतं. इतक्या हिवाळ्यांचा गारठा नसांमध्ये जाऊन बसला होता, हे त्याला सांगायला कुणा डॉक्टरची गरज नव्हती. जुन्या पाणबुड्यांचे हात त्यानं पाहिले होते. दर वर्षीच्या तपासणीत डॉक्टरनं कान पाहिले, छाती पाहिली, फुंकायला लावलं. बोटांना कुणी काही विचारलं नाही आणि भोवऱ्यानंही सांगितलं नाही.

त्याची घाबरगुंडी उडाली होती, हे स्पष्टच सांगितलेलं बरं. कामाची चिंता नव्हती, धक्क्यावर त्याला दुसरं काहीही मिळालं असतं. त्याला भीती होती ती सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत वरच राहावं लागेल याची. उरलेलं सगळं आयुष्य खाजत काढायचं? त्या विचारानंच तो उठून घराच्या ढिल्या नसलेल्या कड्या घट्ट करायला लागायचा.

मग त्यानं काय करावं? हातमोजे घालून सराव करायचा आठवडा संपला तरी मोजे उतरवलेच नाहीत. घरात सकाळ-संध्याकाळ मोजे. "यंदा जरा जास्त सराव करतोय," असं सांगायचा. मोज्यातून बरणी निसटली तर कुणाला नवल वाटत नाही. त्यातून त्यानं स्वतःची समजूतही घालून घेतली होती. पाण्यात सगळ्यांचीच बोटं बहिरी, मग माझी थोडी जास्त असली तर काय आभाळ कोसळणार आहे? आणि चाचपणीच्या वेळी तो डोळे पूर्ण मिटायचा नाही. पापण्यांच्या फटीतून बघायचा आणि म्हणायचा, "आहे."

बायकोचं शिवणकाम होतं. रस्त्याकडच्या खोलीत मशीन, कपाटात लोकांचे कपडे, भिंतीला आरसा. ती दिवसभर एका जागी बसू शकायची, इतकी की भोवऱ्याला तिचं आश्चर्य वाटायचं. सुट्टीच्या एका दुपारी तो तिथं स्टुलावर बसून धक्क्यावरची काहीतरी गंमत सांगत होता. दोरा ओवणं मोज्यांनी जमत नाही म्हणून तिनं दटावून त्याचे मोजे काढायला लावले होते. हाताला चाळा म्हणून त्यानं तिची सुयांची उशी घेतली होती. तो सांगत होता, हातवारे करत होता, आणि ती कापडावरून मान वर करून बघत राहिली.

"अहो," ती म्हणाली.

"ऐक तर, पुढंच खरी मजा आहे. सुपरवायझर काय करतो..."

"अहो, बोट बघा."

त्यानं पाहिलं. मधल्या बोटाच्या शेंड्यात सुई उभी होती, चांगली आत गेलेली. हात हलेल तसा तिचा निळा दोरा हलत होता.

"अरेच्चा," तो म्हणाला आणि हसला. "आत्ताच गेली वाटतं."

तिनं सुई काढली. रक्ताचा थेंब आला तो तिनं चिंधीनं पुसला. मग त्याचा हात सोडला नाही. "डोळे मिटा," ती म्हणाली.

"अगं, काय पोरखेळ..."

"मिटा म्हटलं ना."

त्यानं मिटले. घरात तरी फट ठेवायची त्याची छाती झाली नाही.

"हे कळतंय?"

"हो."

"आणि हे?"

"हो, कळतंय की. टोचतंय."

"अजून टोचलीच नाही मी," ती म्हणाली.

रस्त्यावरून एक सायकल गेली. भोवरा उठला, खिडकीपाशी गेला, परत आला, मशीनचं झाकण उचललं आणि ठेवलं.

"म्हणून हे मोजे घालून फिरणं चाललंय," ती म्हणाली. "आणि मी येड्यासारखी कप मोजत बसलेय."

"सगळ्यांचंच होतं थोडंफार. थंडी गेली की उतरेल."

"पाण्यात तुमच्याबरोबर माझा भाऊ असतो."

"माहीत आहे मला."

"माहीत असून जाता?"

यावर तो एकदम ओरडला. काय ओरडला ते इथं लिहिण्यात अर्थ नाही, आपली चूक असली की माणूस जे ओरडतो तेच. ती ऐकून घेत राहिली. मग शांतपणे म्हणाली, "मी त्याला सांगणार नाही, तुमच्या साहेबांनाही नाही. ते तुम्हीच सांगायचं. पण तुम्ही दोघं परत येईपर्यंत मला आता मशीनवर बसवणार नाही, एवढं लक्षात ठेवा."

आणि खरंच तसं झालं. दुसऱ्या दिवसापासून तो कामाला निघाला की ती उठून दारात जायची, आत यायची, पुन्हा दारात. कपड्यांचा ढीग तसाच. संध्याकाळी तो घरी परतेपर्यंत तिच्या पायांना कळ लागलेली असायची. भोवऱ्याला ते दिसत होतं. आपली चुळबूळ आपण या बाईच्या गळ्यात बांधली, हे त्याला दिसत होतं, आणि तरी रोज सकाळी तो म्हणायचा, आजचा दिवस जाऊ दे, उद्या सांगतो.

असंच करता करता तो दिवस उजाडला. तलावाच्या कडेला पातळ बर्फाची साय धरली होती. जाळीचा एक कोपरा सुटला होता, त्याचे बोल्ट बदलायचे होते. बोटीवर दोरीवाली, सुपरवायझर आणि हे दोघं. मेहुण्यानं भोवऱ्याच्या हातात शेवटचा मोजा चढवला. गरम पाण्याची वाफ निघत होती. चाचपणी झाली. आहे, आहे, आहे, आहे, आहे. उतरले.

खाली गेल्यावर नेहमीसारखं सगळं थांबलं. श्वास आत, श्वास बाहेर. टॉर्चचा उजेड पिवळट धुक्यात विरत होता. भोवऱ्यानं दंडानं जाळी शोधली, कोपरानं तिच्या पट्ट्या चाचपल्या. हल्ली तो बोटांची कामं मनगटावर आणि दंडावर ढकलत होता, तिथं अजून सगळं शाबूत होतं. पाना बोल्टवर बसवून तळहाताच्या जोरावर त्यानं पहिला बोल्ट फिरवला. त्याला वाटलं, बघ, जमतंय की.

तेवढ्यात पाणी गरजलं. मेहुण्याच्या तोंडाजवळून बुडबुड्यांचा लोट सुटला, धबधबा उलटा वाहावा तसा. अति थंड पाण्यात हे होतं. तोंडात धरून श्वास घ्यायचा तो भाग आणि टाकीचा कॉक यांच्यामधलं यंत्र आतून गोठतं, उघडं राहतं आणि सगळी हवा भसाभसा निघून जायला लागते. उपाय ठरलेला. ज्याचं गोठलं त्यानं दुसऱ्या टाकीच्या नळीचं तोंड घ्यायचं, आणि जोडीदारानं त्याच्या पाठीवरचा गोठलेल्या बाजूचा कॉक बंद करायचा. मेहुण्यानं दुसरं तोंड घेतलं आणि पाठ फिरवली.

उजवा कॉक. भोवऱ्यानं पकडला आणि फिरवला. फिरतोय असं त्याला वाटलं. आणखी फिरवला. बुडबुडे तसेच. पुन्हा फिरवला, अगदी शेवटपर्यंत. बुडबुडे थांबेनात. मोजा बोटांभोवती फिरत होता आणि कॉक जागेवरच होता, हे चांगल्या बोटांना लगेच कळलं असतं. त्याच्या बोटांना मोजा आणि कॉक यातला फरकच उरला नव्हता. त्याला वाटलं, उजवा तर बंद झाला, म्हणजे गोठलेला डावा असणार. बुडबुड्यांत काही दिसत नव्हतं. त्यानं दोन्ही तळहातांत डावा कॉक धरला आणि सारा जोर लावून फिरवला. तो फिरला.

मेहुण्याचा श्वास अडकला. डावीकडून तो आत्ता श्वास घेत होता, आणि भोवऱ्यानं नेमकी तीच हवा बंद केली होती.

त्यानंतर जे झालं ते भोवऱ्याला पुढं कितीतरी दिवस तुकड्यातुकड्यांनी आठवत राहिलं. मेहुण्याचा हात मागं आला. त्यानं भोवऱ्याचा हात बाजूला सारला, हिसडा न देता, घरात वाटेतली खुर्ची सरकवावी तसा. एका हातानं टाक्या खालून वर ढकलल्या, दुसरा हात खांद्यावरून मागं घातला, डावा कॉक उघडला. श्वास घेतला. मग तोच हात उजवीकडं, आणि उजवा बंद. पाणी गप्प झालं. जाड सूट आणि जाड मोजे घालून कुणाचा हात सहजासहजी तिथं पोचत नाही. मेहुण्याचा पोचला. मग त्यानं दोरीला सारख्या ओढी दिल्या आणि दोघं वर निघाले.

बोटीवर सुपरवायझरनं विचारलं, "काय झालं रे?"

"गोठला. बंद केला," मेहुणा म्हणाला. कुणी बंद केला ते बोलला नाही.

सुपरवायझरनं भोवऱ्याच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास रे भोवऱ्या! म्हणून म्हणतो, जोडीदार असावा तर असा."

भोवऱ्यानं मान खाली घातली. धक्क्यापर्यंत तो ढिम्म बसून होता. दोरीवालीनं दोनदा त्याच्याकडं वळून पाहिलं, बरं नाही की काय म्हणून.

कपडे बदलायच्या खोलीत हीटर लावलेला होता. मोजे खुंटीला टांगलेले, टपटप गळत होते. सुपरवायझर आणि दोरीवाली बाहेर सामान धूत होते. भोवरा बाकावर बसला, उठला, बसला.

"तुझा हात मागं पोचला," तो म्हणाला.

"हो."

"पूर्वी पोचत नव्हता."

मेहुणा टॉवेलनं केस पुसत होता. "थंडी सुरू झाल्यापासून सराव करतोय, भाऊजी. घरी टाक्या बांधून. खांद्याचा पट्टा जरा ढिला केला की जमतं."

भोवऱ्यानं झटकन वर पाहिलं. "ताई बोलली तुला?"

"ताईला माहीत आहे?" मेहुण्यानं टॉवेल खाली घेतला. "नाही, ताई काही बोलली नाही."

"मग? मी फटीतून बघतो ते दिसलं होय?"

"ते नंतर दिसलं. आधी मोज्यात कळलं." मेहुणा त्याच्या शेजारी बसला. बोलताना तो खुंटीवरच्या मोज्यांकडं बघत होता. "तुमचा शेवटचा मोजा मी चढवतो ना. माणसाची बोटं आपापली जागा शोधत आत शिरतात. तुमचीही शिरायची. यंदा शिरत नाहीत. मला एकेक बोट धरून बसवावं लागतं, लहान पोराला मोजा घालावा तसं. रोज."

भोवऱ्यानं आपल्या हातांकडं पाहिलं. रोज सकाळी, गरम वाफेत, आपण इकडंतिकडं बघत काहीबाही बडबडत असतो आणि हा पोरगा आपलं एकेक बोट जागेवर बसवत असतो, आणि ते आपल्याला कळलंसुद्धा नाही. त्याला रडू आलं. त्यानं ते लपवलं नाही.

"मेल्या, मग बोलला का नाहीस? मरायची वेळ आली होती तुझी!"

"काय बोलणार?" मेहुणा म्हणाला. "पाण्याबाहेर तुम्हाला बघतोच की मी. घरी जेवायला बसता तेव्हा बघतो. मला वाटलं, एवढा हिवाळा निघेल. मी माझं सांभाळीन, तुम्हाला खाली जाऊ द्यावं." थोडं थांबून म्हणाला, "आज कळलं, नाही निघायचा."

घरी आल्यावर भोवऱ्यानं बायकोला सगळं सांगितलं, अगदी डाव्या कॉकसकट. ती दारातच उभी होती. ऐकताना एका हातानं चौकट धरून राहिली. मग आत जाऊन मशीनवर बसली, पण शिवायला घेतलं नाही. "उद्या?" तिनं विचारलं.

"उद्या जातो," तो म्हणाला. "घरून सांगण्यासारखं नाही ते. तिथंच सांगायला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच बोट आणि तोच कोपरा, बोल्ट अर्धवट राहिलेले. भोवऱ्यानं सूट चढवला, टाक्या घेतल्या, पट्टा बांधला. मेहुणा काही न विचारता थर्मास घेऊन आला. मोज्यात गरम पाणी ओतलं, फेकलं आणि मोजा पुढं केला. या वेळी भोवऱ्यानं बडबड केली नाही. तो बघत राहिला. करंगळी. तिच्या शेजारचं. मधलं. पहिलं बोट. अंगठा. मेहुण्यानं एकेक बसवलं आणि मनगटावर पट्टी ओढली.

चाचपणीला दोघं समोरासमोर उभे राहिले. भोवऱ्यानं डोळे मिटले, घट्ट, फट न ठेवता, आणि हात पुढं केले.

"बक्कल?" मेहुण्यानं विचारलं.

भोवऱ्याचे हात त्याच्या छातीवर फिरले. काहीतरी होतं तिथं. कापड असेल, बक्कल असेल, नाहीतर मेहुण्याचा हातही असेल.

"कळत नाही," तो म्हणाला.

बोटीच्या टोकाला सुपरवायझर चहा ओतत होता, तो थांबला. "काय म्हणतोय हा?"

मेहुण्यानं मागं वळून पाहिलं नाही. "डावा कॉक?"

"कळत नाही."

"उजवा कॉक?"

"कळत नाही."

"पट्टा?"

"कळत नाही रे."

"दोरी?"

भोवऱ्यानं डोळे उघडले. "हे मोजे काढ माझे," तो म्हणाला. "साहेब, माझी बोटं गेलीत. कालचा कॉक यानंच बंद केला. मी त्याचा चांगला कॉक बंद केला होता."

सुपरवायझर बोलला, चिडला, कपाळाला हात लावला, काल पाठ थोपटल्याची त्याला लाजही वाटली. पण जाळीचा कोपरा सुटलेलाच होता आणि शहराला पाणी हवं होतं. दोरीवाली तोवर सूट चढवायला लागलीही होती. राखीव पाणबुड्या म्हणून सुपरवायझरनं कुरकुरत स्वतःचा सूट पेटीतून काढून चढवला, पोटावर त्याची चेन लागेना. राहता राहिली दोरी, आणि ती धरायला भोवऱ्याशिवाय कुणी नव्हतं.

दोरीवालीनं उतरण्याआधी दोरीचं टोक त्याच्याकडं दिलं. तिला आपली जुनी थट्टा आठवली असणार, कारण ती काही बोलली नाही. बोटांचा भरवसा नव्हता म्हणून भोवऱ्यानं सूट कमरेपर्यंत उतरवला, सदऱ्याची बाही वर केली आणि उघड्या दंडाला दोरीचे वेढे दिले, कोपराच्या वर, जिथं अजून सगळं कळत होतं. दोघं पाण्यात गेले. बुडबुडे आले, लांब गेले.

आणि मग भोवरा बसला. पायाला मुंग्या आल्या, पाय हलवला नाही. नाक खाजलं, खाजू दिलं. वारा सदऱ्याच्या गळ्यातून आत शिरत होता. पोटात तीच जुनी घरघर सुरू झाली, उठ, फीर, कायतरी कर, आणि ती पायातून मांडीत आणि मांडीतून खांद्यात चढली. खांद्यापाशी त्यानं तिला अडवली. दंड हलला असता तर खाली माणूस चुकला असता. सुपरवायझर त्याच्याकडं बघत होता, चेन तशीच अर्धी. एवढ्या वर्षांत त्यानं या माणसाला असं बसलेलं पाहिलं नव्हतं. भोवऱ्याच्या कपाळावर घाम आला होता, त्या थंडीत.

किती वेळ गेला कोण जाणे. दोरी सैल झाली, ताणली, पुन्हा सैल झाली. त्यानं डोळे मिटून घेतले. मग दंडावर एकच ओढ आली, हलकी, नीट.

"आहे," भोवरा म्हणाला, आणि त्यानं एकदाच ओढून उत्तर दिलं.